पाणी मागून बघा



शाळेत आपल्या सगळ्यांकडून एक आर्या घोकून घेतलेली आहे. देशाटन करावं, पंडिताशी मैत्री करावी, सभेत वावरावं, म्हणजे माणसाच्या अंगी चातुर्य येतं, असा तिचा मतलब. मास्तर छडी आपटून पाठ करून घ्यायचे. पण पंडित कुणाशी मैत्री करणार, सभेत कुणाला उंबऱ्याच्या आत घेणार, आणि देशाटनाला निघालेल्याला वाटेत पाणी कोण पाजणार, ह्याबद्दल मास्तर चूप. आर्या लिहिणाराही चूप. पंडितमैत्रीचं आणि सभेचं ढोंग आता शेंबड्या पोरालाही कळतं. देशाटनाचं अजून कळलेलं नाही. प्रवासानं दृष्टी विशाल होते, मनाची जळमटं जातात, देश फिरला की सगळा देश आपला वाटायला लागतो, ही भंकस रविवारच्या पुरवण्यांतून वाहते तेवढं ठीक. तो त्यांचा धंदाच आहे. पण आपली शिकलेली, नोकरीला लागलेली पोरं बुलेटवर बसून लडाखला जाऊन येतात आणि 'भारत कळला' म्हणतात, तेव्हा हा कागद काळा करणं भाग आहे.

प्रवास काही शिकवत नाही असं मी म्हणत नाही. प्रवासाइतका कडक मास्तर ह्या देशात दुसरा नाही. फक्त तो सगळ्यांना एकच धडा देत नाही. कुणाच्या पोटी जन्माला आलात ते बघून देतो.

मराठीतलं गाजलेलं प्रवासवर्णन घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात गेले. कशाला? बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, दक्षिणा मिळणार, घरचं कर्ज फिटणार म्हणून. वाटेत बंड आडवं आलं, झाशीत अडकले, लुटले गेले, हाल हाल झाले. 'माझा प्रवास' जरूर वाचा. माणूस डोळे उघडे ठेवून फिरला आणि लिहिलंही झकास. पण वाचताना एक ध्यानात ठेवा. जीव मुठीत घेऊन पळतानाही हा माणूस विहिरीवर गेला तर विहीर बाटत नव्हती. परक्या मुलखात, भाषा वेगळी, राज्य वेगळं, तरी ब्राह्मणाचं घर सापडलं की आसरा मिळायची आशा होती. त्याला देश एक वाटला असेल तर त्यात नवल काय? त्याच्यासाठी तो होताच एक. चार धाम, बारा ज्योतिर्लिंगं, काशीची गंगा रामेश्वरावर नेऊन ओतायची, हा जो 'सांस्कृतिक एकते'चा नकाशा आपल्या तोंडावर फेकला जातो, तो धर्मशाळांचा आणि अन्नछत्रांचा नकाशा आहे. ज्याला त्या धर्मशाळेत पथारी टाकता येत होती त्याचा तो देश. त्र्यंबकेश्वरला, हरिद्वारला तीर्थोपाध्याय वही उघडतो आणि तुमच्या पूर्वजांची नावं वाचून दाखवतो. वही उघडण्याआधी विचारतो काय? गाव आणि जात.

वारीचं कौतुक तर विचारूच नका. सगळे भेद चंद्रभागेत बुडतात म्हणे. इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या. त्यांनीच लिहून ठेवलंय, एकाच दिंडीत ब्राह्मणांचं जेवण वेगळं आणि मराठ्यांचं वेगळं. त्यांना त्याचं वाईट वाटलं, हे त्यांचं मोठेपण. पण आपण तर त्या दोन्ही पंगतींच्या पलीकडे. चोखोबाची समाधी पंढरपुरात कुठे आहे ते बघून या. महाद्वारासमोर, बाहेर. मेल्यावरसुद्धा प्रवास तिथपर्यंतच. पुढे १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं तेव्हा देवळाचं दार हललं.

परदेशी माणसाच्या डोळ्याला मात्र हे पहिल्या झटक्यात दिसायचं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान नावाचा चिनी भिक्खू बुद्धाची भूमी बघायला आला. त्यानं लिहून ठेवलंय की चांडाळ लोक वस्तीबाहेर राहतात, आणि नगरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवत येतात, म्हणजे लोकांनी ओळखावं आणि अंग चोरून बाजूला व्हावं. सोळाशे वर्षं झाली. पाहुण्याला दिसलं ते घरच्यांना दिसलं नाही. दिसलं नाही की दिसूनही लिहिलं नाही, हे तुम्ही ठरवा. त्या लाकडाचा आवाज मनात धरून पेशवाईतलं गळ्यातलं मडकं आणि कमरेचा खराटा आठवा. आपल्या बापजाद्यांना ह्या देशात रस्ता म्हणजे काय ते ह्यावरून कळेल.

आता गाड्यांची गोष्ट सांगतो.

१८९३ साली दक्षिण आफ्रिकेत, पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनावर, बॅरिस्टर गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून ढकलून दिलं. तिकीट असून. ही गोष्ट देशातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. धडा आहे, सिनेमा आहे, नाटक आहे, निबंध स्पर्धा आहे. अपमान खरा होता, मी त्याला खोटं म्हणत नाही. पण त्याच १८९३ साली केरळात, तिरुवनंतपुरमजवळच्या वेंगानूरला, अय्यंकाळी नावाच्या पुलया जातीच्या माणसानं बैलगाडी विकत घेतली. पुलयानं सार्वजनिक रस्त्यावरून चालायचं नाही असा दंडक. ह्या गड्यानं डोक्याला फेटा बांधला, अंगात चांगले कपडे घातले, गाडीत बसला आणि रस्त्यावरून हाकत नेली. आडवे आले त्यांच्यापुढून नेली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं आत्मचरित्र नाही. त्याला कुणी गोऱ्यानं अडवलं नव्हतं, त्यामुळं आपल्या पाठ्यपुस्तकांत धडाही नाही. सांगा, शंभर कार्यकर्त्यांतल्या किती जणांनी ही दुसरी गाडी ऐकलीय?

तिसरी गाडी १९०१ सालची. साताऱ्याहून निघालेली चार पोरं मसूर स्टेशनावर उतरतात. वडील खटाव तालुक्यात सरकारी कामावर कॅशियर, दुष्काळी तलावाचं काम चाललेलं. पोरांच्या अंगावर नवे कपडे, डोक्याला झगझगीत टोप्या. वडिलांना पत्र पोचलं नाही म्हणून न्यायला कुणी आलं नाही. स्टेशनमास्तर आधी गोड बोलला, पोरं बामणाघरची वाटली असतील. मग विचारलं, तुम्ही कोण? पोरांनी सरळ सांगितलं, महार. मास्तर पाच पावलं मागं. तासाभराने दुप्पट भाड्यावर एक गाडीवान कबूल झाला, पण अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार. डब्यात अन्न भरपूर. वाटेत पाणी नाही. होतं ते चिखलाचं, शेणामुताचं. मध्यरात्री टोलनाक्यावर पोचले. गाडीवान म्हणाला, मुसलमान आहोत म्हणून सांगा. सांगून बघितलं. तिथेही मिळालं नाही. अन्न उशाला ठेवून पोरं उपाशी झोपली. त्यातला एक नऊ वर्षांचा होता. त्याचं नाव भीमराव.

पहिली गाडी देशाची गोष्ट झाली आणि तिसरी 'त्यांच्या समाजाची'. का, ते कळायला पंडिताशी मैत्री करावी लागत नाही.

बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्या लिखाणाचं नाव. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९९० साली त्याची पुस्तिका काढली. नाव नीट वाचा. व्हिसाची वाट बघत. परदेशात जायला व्हिसा लागतो, हा माणूस स्वतःच्या मुलखात उभा राहून व्हिसाची वाट बघतोय. १९१७ साली कोलंबियाचं आणि लंडनचं शिक्षण पदरात घेऊन बडोद्याला नोकरीला गेले. अमेरिकेत असताना आपण अस्पृश्य आहोत हे विसरायला झालं होतं, बडोदा स्टेशनावर उतरल्यावर आठवलं. पारशाच्या खानावळीत खोटं पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यात. त्या दिवशी रात्रीच्या गाडीपर्यंत कामाठी बागेत बसून काढलं. १९२९ साली सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात गेले, चाळीसगावला टांगेवाला बसवून घ्यायला तयार नाही. वस्तीतल्या माणसांनी टांगा आणला, हाकायला त्यांच्यातलाच एक बसला, त्याला सवय नाही, पुलावर चाक अडकलं आणि बॅरिस्टर आंबेडकर दगडावर आपटून पाय मोडून बसले. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर पाय-तोंड धुतलं म्हणून हौद बाटला, शस्त्रधारी शिपाई बरोबर घेऊन किल्ला बघायला लागला, पाण्याला हात लावायचा नाही ह्या अटीवर. हिंदू झाला, पारशी झाला, मुसलमान झाला. एका माणसाच्या प्रवासात सगळा 'विविधतेतला एकोपा' येऊन गेला.

ह्या लिखाणात डोंगर-दऱ्यांचं वर्णन नाही. सूर्यास्त नाही. कुठल्या गावाला काय खायला छान मिळतं ते नाही. कोण काय म्हणाला, पाणी कुणी दिलं, कुणी नाकारलं, नाकारताना तोंड कसं केलं, भाडं किती पडलं, एवढंच आहे. माझ्या मते ह्या देशातलं खरं प्रवासवर्णन हेच. बाकीचं जाहिरात.

ह्यावर एक उत्तर तयार असतं. अहो, ते जुनं झालं. आता रेल्वे आहे, एसटी आहे, हॉटेलात कोण जात विचारतो?

रेल्वेचं तर बोलूच. इंग्रजाची आगगाडी आली की जात रुळाखाली सापडून मरेल असं भल्याभल्यांना वाटलं होतं. मेली का? स्टेशनावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी मडकी बसली. आपल्यासाठी तिसरं मडकं काही कुणी ठेवलं नाही. स्वातंत्र्य आलं, मडकी गेली. मग पुढंही कित्येक दशकं डब्यातल्या संडासाचं नळकांडं थेट रुळावर उघडत राहिलं. १९९३ साली हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा झाला, २०१३ साली आणखी एक झाला, आणि डब्याखाली जैव-शौचालयाच्या टाक्या बसेपर्यंत फलाटालगतच्या रुळांवर झाडू घेऊन उभे राहणारे हात कुणाचे होते? प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानं कधी खिडकीतून खाली बघितलं नाही. समोर बघितलं, तिथं निसर्ग होता.

आणि जात कोण विचारतो म्हणता? मागे मी दिल्लीकडे जात होतो. समोर एक काका, सुशिक्षित, बोलायला अघळपघळ. नाव विचारलं, सांगितलं. पूर्ण नाव? सांगितलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही लागेना. "म्हणजे मूळचे कुठले?" तालुका सांगितला. "घरात दैवत कुठलं?" म्हटलं, आमच्या घरात दैवत नसतं. "अच्छा, अच्छा." पुढं अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसले. जेवणाची वेळ झाली, काकूंनी दशम्यांचा डबा उघडला, डब्यातल्या सगळ्यांपुढं फिरवला. माझ्यापुढं आला तेव्हा काकू म्हणाल्या, "तुमचं झालं असेल नाही?" शिवी नाही, हाकलणं नाही. अॅट्रॉसिटीच्या कुठल्याही कलमात बसणार नाही. ह्याला म्हणायचं सुधारलेला देश.

रस्त्याचंही तेच. २०१८ साली उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यात एका जाटव नवरदेवाला ठाकुरांच्या वाटेनं वरात न्यायची होती. त्यासाठी त्याला अलाहाबाद हायकोर्टापर्यंत जावं लागलं, महिनोन्महिने झगडावं लागलं, शेवटी पोलिसांचा ताफा घेऊन वरात निघाली. किती लांबचा प्रवास? गावातल्या गावात. अय्यंकाळीच्या बैलगाडीला तेव्हा सव्वाशे वर्षं झाली होती.

आता 'भटकंती' ह्या शब्दाकडे या. हल्ली हा फार आवडता शब्द झालाय. पाठीवर सॅक, पायात महागडे बूट, शनिवार-रविवार गड-किल्ले, झाली भटकंती. आता पारध्याला विचारा, कैकाड्याला विचारा. १८७१ साली इंग्रजानं गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि जी माणसं पिढ्यान् पिढ्या फिरून पोट भरत होती त्यांचं फिरणंच गुन्हा झालं. हजेरी, पास, तारेच्या कुंपणाची सेटलमेंट. सोलापूरची सेटलमेंट बघितलेली म्हातारी माणसं आता फार उरली नसतील, पण त्यांची नातवंडं आहेत. देश १९४७ साली सुटला, ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटली. पाच वर्षं जास्त. आणि सुटली म्हणजे कागदावर. आजही गावाबाहेर पालं पडली आणि गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठं जाते? एकाची भटकंती छंद, दुसऱ्याची पोलीस ठाण्यातली नोंद.

ऊसतोडीला बीडहून कोल्हापूर-कर्नाटकात जाणारी जोडपी दर वर्षी जेवढं फिरतात तेवढं कुठला प्रवासी लेखक फिरतो? पण ते देशाटन नव्हे, त्याला स्थलांतर म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीत ह्या देशानं उभ्या जगाला दाखवलं, त्याची माणसं कशी फिरतात ते. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशात घरी जायला रुळानं पायी निघाले. थकले, रुळावरच झोपले. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडी आली आणि सोळा जण गेले. उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतली माणसं, त्यांतली कितीतरी आदिवासी. रुळावर भाकरी पडलेल्या होत्या, तो फोटो सगळ्यांनी बघितला. ज्यांनी बघितला त्यातल्या कित्येकांनी टाळेबंदी उठल्यावर पहिली गोष्ट काय केली? कुठं फिरायला जायचं त्याचं बुकिंग.

इथपर्यंत तुम्ही माना हलवत असणार. प्रस्थापितांना झोडपलं की आपल्याला बरं वाटतं. आता जरा स्वतःकडे वळू.

आपली माणसंही प्रवास करतात. सहा डिसेंबरला दादरला, अशोक विजयादशमीला नि चौदा ऑक्टोबरला नागपूरला, एक जानेवारीला भीमा कोरेगावला, वीस मार्चला महाडला. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या आपल्या आया-आज्या डोक्यावर भाकरीचं गठुडं घेऊन निघतात. कितीतरी बायांच्या आयुष्यातला तो एकटीच्या हिमतीवरचा पहिला प्रवास. मुंबईतले पांढरपेशे नाक मुरडतात, तिकीट काढत नाहीत म्हणतात, शिवाजी पार्क घाण होतं म्हणतात. त्यांना दिसत नाही की ह्या गर्दीत प्रसाद विकला जात नाही, पुस्तकं विकली जातात. पोतंभर पुस्तकं घेऊन माणसं परत जातात. अशी जत्रा मला दुसरी दाखवा. ह्या प्रवासाला मी जन्मात नावं ठेवणार नाही.

पण पोरांनो, तुम्ही कार्यकर्ते आहात. तुमचा प्रवास तेवढाच असून चालेल का? दर वर्षी तीच चार ठिकाणं, तीच गाडी, तेच स्टेटस, परत घर. आपण तीर्थयात्रा सोडली होती ना? की देव बदलले आणि यात्रा तशीच ठेवली?

बुद्धानं सारनाथला पहिल्या साठ भिक्खूंना चालायला सांगितलं तेव्हा काय बजावलं होतं ते आठवा. बहुजनांच्या हितासाठी फिरा, आणि दोघांनी एका वाटेनं जाऊ नका. साठ माणसं, साठ वाटा. आपण लाखो माणसं, वाटा चार.

त्याचा परिणाम सांगतो. पंचवीस डिसेंबर आपल्याकडे मनुस्मृती दहन दिन. १९२७ साली महाडला ती चोपडी जाळली. आपण दर वर्षी कार्यक्रम घेतो, भाषणं होतात. त्याच तारखेला, १९६८ साली, तामिळनाडूतल्या तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यात, किळवेणमणी नावाच्या गावी, मजुरी वाढवून मागणाऱ्या दलित शेतमजुरांची चव्वेचाळीस माणसं एका झोपडीत कोंडून जाळली. बहुतेक बाया आणि पोरं. हायकोर्टात जमीनदार सुटले. पंचवीस डिसेंबरला तिथंही माणसं जमतात. आपण इथं कागद जाळल्याची आठवण काढतो, त्याच दिवशी ते तिथं जळालेल्या माणसांची आठवण काढतात. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. आपल्या किती व्यासपीठांवरून किळवेणमणीचं नाव ऐकलंत?

आंध्रात कारमचेडू आहे. १७ जुलै १९८५. मादिगांच्या पिण्याच्या पाण्याच्या तळ्यावर कम्मा जमीनदारांची पोरं जनावरांचं घाण पाणी करत होती, मादिगांनी हटकलं. एवढ्यावरून दुसऱ्या दिवशी वस्तीवर चाल करून सहा माणसं मारली. चवदार तळ्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी, तेच पाणी. वाचलेली माणसं गाव सोडून चिराल्याला गेली आणि परत त्या गावात राहायला गेलीच नाहीत. त्यातून तिथं जी चळवळ उठली तिनं सगळा आंध्र हलवला. नामांतरासाठी मार खाल्लेल्या आपल्या माणसांना कारमचेडूच्या माणसांशी बोलायला किती होतं! भेटले किती?

बिहारात शोण नदीच्या काठी लक्ष्मणपूर-बाथे आहे. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री अठ्ठावन्न माणसं. खालच्या कोर्टानं सव्वीस जणांना दोषी धरलं, २०१३ साली पाटणा हायकोर्टानं सगळेच्या सगळे सोडले. खैरलांजीच्या वेळी २००६ साली आपण रस्त्यावर उतरलो, छातीत आग होती. बाथेचा निकाल लागला तेव्हा आपल्याकडे किती रस्ते अडले? बाथे लांब आहे म्हणाल. लडाख जवळ आहे का?

'अखिल भारतीय' हा शब्द आपल्या प्रत्येक संघटनेच्या, प्रत्येक फुटलेल्या गटाच्या लेटरहेडवर असतो. मुसहर टोला म्हणजे काय, अरुंधतियार कोण, मादिगा-मालांचं भांडण कशावरून, हे ठाऊक नसताना 'अखिल' छापायला लाज कशी वाटत नाही? प्रत्येक वस्ती आपापल्या जिल्ह्यात एकटी मार खाते, आणि मारणारे मात्र कुठल्याही जिल्ह्यात गेले तरी पाव्हणे म्हणून उतरतात. गोडसे भटजींच्या वेळी जे होतं तेच आजही आहे. त्यांचा देश एक आहे. आपला तुकड्यातुकड्यांचा आहे, आणि तो जोडायचा तर पायानं जोडावा लागणार. फोनवर फोटो पाठवून जोडला जात नाही.

आणि तामिळनाडू राहू द्या. तुमच्या गावातला मातंग वस्तीपर्यंतचा प्रवास किती फर्लांगाचा? तिथं बसून चहा पिणं सोपं झालंय, मान्य. पण तिथल्या घरच्या लग्नात पंगतीला बसलात? आपल्या घरच्या लग्नात त्यांना बसवलंत, मांडवाच्या बाहेर नव्हे, आत? पँथरनं १९७३ च्या जाहीरनाम्यात दलित म्हणजे कोण ते लिहिलं तेव्हा त्यात अनुसूचित जाती होत्या, जमाती होत्या, बौद्ध होते, कामगार, भूमिहीन, बाया होत्या. सगळे होते. पन्नास वर्षांवर काळ लोटला, तो कागद अजून महारवाड्याची वेस ओलांडून किती आत गेलाय, ते ज्यानं त्यानं आपल्या गावात उभं राहून मोजावं. मला शिव्या द्यायच्या असतील तर मोजून झाल्यावर द्या.

आता काय करायचं, ते बोलू. पुढाऱ्यांचा दौरा मी सांगत नाही. दौऱ्यात हार असतात, गाडी असते, सर्किट हाऊस असतं, त्यात माणूस दिसत नाही. दोघंतिघं निघा. जनरलच्या डब्यानं जा. तिथं उभं राहायला जागा नसते पण माणसं बोलतात. वस्तीतल्या कुणाला तरी आधी निरोप द्या, त्याच्या घरी उतरा, तो खातो ते खा. भाषा येत नाही ही सबब चालणार नाही, 'जय भीम' तीन हजार किलोमीटर चालतं, मी चालवून बघितलंय. पुढचं हातवाऱ्यांनी होतं. तिथल्या बायांशी बोलायचं तर आपल्यातली एखादी मुलगी बरोबर हवी. ती येत नसेल तर का येत नाही, तिला घरातून कोण सोडत नाही, तिथपासून सुरुवात करा. तोही प्रवासच.

पाणी मागा. पूर्ण नाव सांगून, आडनाव सांगून मागा. पाणी कशातून दिलं, हातावर ओतलं की भांडं दिलं, चहाचा कप कुठल्या फळीवरून काढला, उठल्यावर कुणी धुतला, बघा. मात्र मर्दुमकी दाखवायला जाऊ नका. तुम्ही दोन दिवसांनी गाडीत बसून निघून येणार, विहिरीवर केलेल्या तुमच्या हुशारीची किंमत मागं राहिलेली वस्ती भरणार. तिथले लोक म्हणतील तिथं थांबा. लढा त्यांचा असेल, ते बोलावतील तेव्हा जायचं.

मजुरी किती मिळते विचारा. जमीन कुणाच्या नावावर आहे विचारा. स्मशान कुठं आहे, तिथं जायची वाट कुणाच्या शेतातून जाते, विचारा. पोरं शाळेत कुठल्या रांगेत जेवतात ते डोळ्यांनी बघा. ठाण्यात तक्रार घ्यायला किती दिवस लागले, कोण बरोबर आलं, कोण फुटलं. आणि ते तुम्हाला विचारतील तेव्हा आपलंही सांगा. आपण काय मिळवलं तेवढंच सांगू नका, आपल्यात किती गट आहेत आणि का आहेत, तेही सांगा. त्यांच्याकडेही आहेत.

नागपूर स्टेशनातून मद्रासच्या, हैदराबादच्या, बिहारच्या गाड्या सुटतात आणि जातात. ह्या वर्षी दीक्षाभूमीवरून परतताना एखाद्या जिल्ह्यातल्या दोघांनी जरी उलट्या फलाटावरची गाडी धरली तरी पुष्कळ झालं. हकिकत लिहून इकडे पाठवा. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, समास सोडा, गावाचं नाव आणि तारीख बिनचूक टाका. माणसांची नावं त्यांना विचारून. शुद्धलेखनाची फिकीर करू नका, ते आम्हालाही येत नाही.